जगबुडीच्या वार्ता आणि थोडक्यात टळलेले खरे अनर्थ: कोकण किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकच उत्तर दोनदा येऊ नये म्हणून लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. समुद्राबद्दल घाईने काही हवं असेल तर आधी प्रश्न ११ वाचा.

१. जग बुडणार अशी वार्ता आली की ती खरी की अफवा, हे घरबसल्या ओळखता येतं का?

बहुतेक वेळा येतं. आधी बघा की मोजलं कुणी आणि कशाने. मग आकडा बघा. अफवेत तारीख ठाम असते आणि मोजमाप काहीच नसतं. खऱ्या मोजणीत शक्यता दिलेली असते आणि नवी निरीक्षणं आली की ती बदलते (प्रश्न ८). तिसरी गोष्ट म्हणजे धोका आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आणि किती वेळात पोहोचणार, हे सांगितलं आहे का. शेवटी, करायचं काय हे बघा. ‘खाडीकाठ सोडून सड्यावर जा’ हा इशारा झाला. ‘हे सगळ्या ग्रुपवर पाठवा’ एवढंच लिहिलं असेल तर तो मजकूर फक्त पसरण्यासाठी बनवलेला असतो.

रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, मंगळावरून कॉस्मिक किरण येणार आहेत, हा मेसेज दरवर्षी फिरतो. त्याला ही कसोटी लावून पाहा. कॉस्मिक किरण सगळ्या दिशांनी, दिवसरात्र येतच असतात, आणि वातावरण त्यांना वरच अडवतं. मोबाईल चालू असण्याशी त्यांचा संबंध नाही.

२. घरातली म्हातारी माणसं ‘अष्टग्रही’ची आठवण काढतात. ते नेमकं काय होतं?

३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू हे आठही मकर राशीत होते. त्यात अमावस्या आणि त्याच अमावस्येला खग्रास सूर्यग्रहण. ते ग्रहण न्यू गिनी आणि पॅसिफिककडून दिसलं, भारतातून नाही. तरी देशभर होमहवन झाले, अखंड पाठ बसले, लोकांनी प्रवास आणि लग्नं पुढे ढकलली. ५ तारीख उलटली आणि काही झालं नाही.

केतू हा ग्रह नाही. चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो बिंदू म्हणजे केतू. त्याला वस्तुमानच नाही. बाकीचे सातही आकाशात एका बाजूला दिसत होते म्हणून ते एकमेकांजवळ होते असं होत नाही. शनी तेव्हा सूर्याच्याही पलीकडे, दीडशे कोटी किलोमीटरहूनही दूर होता.

आम्हाला या वर्षाबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. जग खरोखर अनर्थाच्या काठावर आलं ते त्याच १९६२ सालच्या ऑक्टोबरात, आणि त्याची तारीख कुठल्याही पंचांगात नव्हती. ते प्रश्न १५ मध्ये आहे.

३. ग्रह रांगेत आले तर ओढ वाढून समुद्र उसळणार नाही का? भरती तर चंद्रामुळेच येते ना?

भरती चंद्रामुळे येते, थोडी सूर्यामुळे. पण भरती आणणारी ओढ अंतराच्या घनाप्रमाणे घटते: अंतर दुप्पट झालं की ओढ आठव्या भागावर येते. शुक्र चंद्राच्या सुमारे ६६ पट जड, पण सगळ्यात जवळ आला तरी चंद्राच्या शंभरपटीहून दूर. हिशोब केला तर शुक्राची ओढ चंद्राच्या वीस हजाराव्या भागाइतकी निघते. गुरू एवढा प्रचंड असूनही त्याची त्याहून कमी. मुंबईच्या मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. सगळे ग्रह एका रेषेत उभे केले तरी त्यात एका मिलिमीटरचीही भर पडणार नाही.

४. ग्रहणाच्या दिवशी उधाण मोठं असतं, हे तर आम्ही डोळ्यांनी बघतो. मग?

बरोबर बघता. सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच. या दोन्ही तिथींना चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला ती आडवी पडते, तेव्हा भांगाची भरती. म्हणजे ग्रहण नसलं तरी त्या दिवशी उधाण असणारच होतं. चंद्र त्या वेळी पृथ्वीजवळ असेल तर ते आणखी मोठं होतं. ग्रहणाच्या दिवशी होडी काढायची की नाही हे भरतीच्या कोष्टकावरून आणि वाऱ्यावरून ठरवा.

याच्याच जोडीने विजयदुर्गाबद्दल विचारणा होते: हेलियमचा शोध तिथल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वर १८६८ साली लागला का? १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, आणि जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते गुंटूरहून पाहिलं. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ त्यांनी त्याच ऑक्टोबरात तिथूनच अभ्यासली. लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचा मान त्यामुळे कमी होत नाही. १८९८ ची मोहीम मोठी होती आणि तिच्या खुणा जपायलाच हव्यात. फक्त साल बरोबर सांगू या.

५. स्कायलॅब कोकणावर पडणार होतं का?

पडू शकलं असतं, ही गोष्ट खरी आहे. स्कायलॅब हे ७७ टनांचं अमेरिकी अंतराळस्थानक मे १९७३ मध्ये वर गेलं. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५० अंशांनी कललेली होती, म्हणजे उत्तर ५० ते दक्षिण ५० अंशांमधल्या प्रत्येक गावावरून ते कधी ना कधी जायचं. सूर्य अपेक्षेहून जास्त तापट निघाला, त्यामुळे वरचं वातावरण फुगलं, घर्षण वाढलं आणि स्थानक ठरल्यापेक्षा आधी खाली येऊ लागलं. ११ जुलै १९७९ ला त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या परिसरात पडले. कुणाला इजा झाली नाही. भारतात मात्र त्याआधीचे दिवस फार धास्तीत गेले.

त्या भीतीला आम्ही अंधश्रद्धा म्हणत नाही. वस्तू खरी होती, पडणं खरं होतं, जागा शेवटच्या काही तासांपर्यंत कुणालाच नेमकी सांगता येत नव्हती. चूक झाली ती प्रमाणाची. ज्या पट्ट्यात ते पडू शकत होतं त्यातला बहुतेक भाग पाणी आहे, आणि एका विशिष्ट माणसावर तुकडा पडण्याची शक्यता अब्जांत एक या पातळीची होती.

६. पुळणीवर जळका धातूचा तुकडा किंवा गोल टाकी लागली तर काय करावं?

हात लावू नका. रॉकेटच्या टाक्यांत हायड्राझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं, आणि समुद्रातून येणाऱ्या नळकांड्यांत जहाजांचे धूर-बाण किंवा दारूगोळाही असतो. निदान शंभर मीटर लांब थांबा, मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा, लांबूनच फोटो काढा आणि ११२ ला किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकाला कळवा. भरती चढत असेल तर तेही सांगा. तुकडा परत वाहून गेला तर शोधणं कठीण जातं. भंगारात विकायला उचलू नका, कापायला तर मुळीच घेऊ नका.

असं होतं, ही कल्पना नाही. २ एप्रिल २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात चिनी रॉकेटचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं पडलं. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर लागलेलं मोठं नळकांडं आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटचं निघालं.

७. धूमकेतू, माया कॅलेंडर, स्वित्झर्लंडचं मशीन: यातलं काही खरं होतं का?

हॅलेच्या धूमकेतूबद्दल थोडं खरं होतं. १९१० मध्ये त्याच्या शेपटीत सायनोजन हा विषारी वायू असल्याचं वर्णपटातून दिसलं, आणि मेच्या १८-१९ तारखेला पृथ्वी त्या शेपटीतून जाणार होती. युरोप-अमेरिकेत लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या, भामट्यांनी ‘धूमकेतूच्या गोळ्या’ विकल्या. शेपूट इतकी विरळ असते की प्रयोगशाळेतल्या निर्वातापेक्षाही त्यात कमी वायू असतो. पृथ्वीवर काहीही जाणवलं नाही.

२१ डिसेंबर २०१२ ला माया लोकांच्या दीर्घ गणनेतला एक मोठा कालखंड संपला आणि पुढचा सुरू झाला. १० सप्टेंबर २००८ ला स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेल्या, कणांची टक्कर घडवणाऱ्या सर्न संस्थेच्या यंत्राहून कितीतरी जास्त ऊर्जेचे कण अवकाशातून पृथ्वीवर अब्जावधी वर्षं आदळत आले आहेत. त्यातून कृष्णविवर व्हायचं असतं तर केव्हाच झालं असतं. या दोन्हींवर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

८. २०३२ साली लघुग्रह अरबी समुद्रात पडणार असं टीव्हीवर सांगत होते. मग ते एकदम बंद का झालं? लपवलं का?

लपवलं नाही. मोजणी पूर्ण होत गेली. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या दुर्बिणीला दिसला. आकार सुमारे ६० मीटर. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांवर गेली, आणि आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर आली. संभाव्य पट्टा पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया असा होता. म्हणजे आपलं नाव त्यात होतं, हे खरं.

टक्केवारी आधी वाढून मग कोसळते, याने लोकांचा फार गोंधळ होतो, म्हणून सविस्तर सांगतो. सुरुवातीला लघुग्रह कुठे असेल याचा अंदाज लाखो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यासारखा असतो आणि त्या पट्ट्यात पृथ्वी एक ठिपका असते. नवी निरीक्षणं आली की पट्टा दोन्ही टोकांनी आखडतो. पृथ्वी अजून पट्ट्यात असेल तर आखडलेल्या पट्ट्याचा मोठा हिस्सा ती व्यापते, म्हणून टक्केवारी चढते. पुढे पट्ट्याचं टोक पृथ्वीला ओलांडून आत सरकतं आणि आकडा एकदम पडतो. जाळं ओढताना फास लहान होत जातो तसं आहे. आत मासा आहे की नाही हे शेवटच्या ओढीला कळतं.

अपोफिसचंही असंच झालं. डिसेंबर २००४ मध्ये १३ एप्रिल २०२९ साठीची शक्यता २.७ टक्के होती. आज माहीत आहे की त्या दिवशी तो पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाईल. मार्च २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर पुढची निदान शंभर वर्षं त्याचा धोका नाही.

९. पण ६० मीटरचा दगड खरंच आला तर? नुसतं बसून राहायचं?

वेळ हाताशी असेल तर त्याला ढकलता येतं. २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट हे यान डायमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. त्याच्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीचा त्याचा प्रदक्षिणाकाळ ११ तास ५५ मिनिटांवरून अर्ध्या तासाहून जास्त घटला.

लहान दगड मात्र न सांगता येतो. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड हवेत फुटला. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. आधी लख्ख उजेड पडला, लोक खिडकीशी धावले, आणि दोन-अडीच मिनिटांनी धक्क्याची लाट आली तेव्हा तावदानं चेहऱ्यावर फुटली. म्हणून आकाशात सूर्याहून तेज काही चमकलं तर खिडकीकडे जाऊ नका. भिंतीच्या आडोशाला, काचेपासून लांब, पाच मिनिटं खाली बसून राहा. वीज कडाडते तेव्हाही आधी उजेड आणि मग आवाज येतो, तेच इथे मोठ्या प्रमाणात होतं.

१०. कोकणात त्सुनामी कधी आली होती का? २००४ ला तर काही झालं नाही.

२००४ ची लाट सुमात्राजवळून निघाली. मधे भारताचं द्वीपकल्प आणि श्रीलंका आड होते. केरळपर्यंत वळून आलेल्या पाण्याने बळी घेतले, पण महाराष्ट्राच्या किनाऱ्याला फारसा त्रास झाला नाही.

आपला धोका उलट दिशेला आहे. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे साडेतीनच्या सुमाराला आताच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यापुढे सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी सव्वाआठच्या आसपास मुंबईत सुमारे दोन मीटरची लाट आली आणि १५ च्या आसपास माणसं गेली. मधे जवळजवळ पाच तास होते. सांगायला यंत्रणा नव्हती.

त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोल समुद्रात ती ताशी ७०० किलोमीटरने धावते, पन्नास मीटर पाण्यात ताशी ८० ने. कोकणासमोरचा उथळ पट्टा रुंद आहे, त्यामुळे लाट आपल्याकडे येताना मंदावते. मात्र मंदावताना ती उंच होते आणि खाड्यांच्या अरुंद मुखांत आणखी चढते.

११. त्सुनामीचा इशारा आला तर आम्ही नेमकं काय करायचं?

भारताचं त्सुनामी केंद्र हैदराबादला इन्कॉइस संस्थेत आहे आणि २००७ पासून चालू आहे. मोठा भूकंप झाल्यावर पहिला संदेश साधारण दहा मिनिटांत निघतो. लाल इशारा म्हणजे किनारा रिकामा करा. केशरी म्हणजे पुळण, धक्का आणि खाडीमुखापासून दूर राहा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. हिरवा आला की धोका संपला.

मकरानचा भूकंप तुम्हाला जाणवेलच असं नाही. म्हणून ‘जमीन हलली नाही, मग कसली त्सुनामी’ असं म्हणू नका. संदेश आला की:

वस्तीमागच्या पाखाडीने सड्यावर चढा. मकरानकडून येणाऱ्या लाटेला समुद्रसपाटीपासून १५ मीटर उंची पुरेशी धरता येते; बहुतेक गावांत सडा त्याहून बराच वर असतो. गाडी घेऊन मुख्य रस्त्याला लागू नका, पूल आणि अरुंद फाटे तुंबतात. खाडीच्या काठाने आत पळणं ही सगळ्यात धोक्याची चूक आहे, कारण लाट खाडीतून कित्येक किलोमीटर आत येते.

होडी वाचवायला धक्क्यावर जाऊ नका. जे आधीच खोल समुद्रात आहेत त्यांनी बंदराकडे परतू नये. खोल पाण्यात लाट जेमतेम जाणवते, बंदरात मात्र प्रवाह होड्यांचा चुरा करतात. व्हीएचएफ रेडिओचं चॅनेल १६ चालू ठेवा.

पहिली लाट सगळ्यात मोठी असतेच असं नाही. मधे समुद्र लांबवर ओसरतो आणि उघड्या पडलेल्या तळावर मासे दिसतात. ते वेचायला उतरलेली माणसं पुढच्या लाटेत जातात. हिरवा संदेश येईपर्यंत, मग त्याला सहा तास लागोत की बारा, वरच थांबा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

१२. वारा नाही, ढग नाही, आणि समुद्र अंगणात आला. ही त्सुनामीची खूण का?

नाही. हे फुगारे बहुतेक वेळा फार दूरच्या वादळाचे असतात. दक्षिण हिंदी महासागरात मोठं वादळ झालं की तिथल्या लांब लाटा तीन-पाच दिवसांत हजारो किलोमीटर येतात. एक लाट आणि पुढची यांत पंधरा-वीस सेकंद जातात; आपल्या नेहमीच्या लाटांत पाच-आठ. केरळात याला कल्लकडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. त्सुनामीत पाणी दहा मिनिटं ते अर्धा तास चढतच राहतं किंवा ओसरतच राहतं, हा ओळखण्याजोगा फरक.

इन्कॉइस या उंच लाटांचाही इशारा देतं. तो उधाणाच्या दिवशी पडला तर नांगरलेल्या होड्यांमध्ये अंतर ठेवा, ओढून घेतलेल्या होड्या आणखी वर घ्या आणि खारबंदिस्तीच्या उघाड्या आधीच तपासा. भातखाचरात एकदा खारं पाणी शिरलं की ते धुवायला पावसाळे जातात.

१३. कोयना धरण फुटलं तर चिपळूण बुडेल का?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. कोयना नदी सह्याद्रीच्या पूर्वेला वाहते आणि कराडला कृष्णेला मिळते. मुख्य धरणाला काही झालं तर पाणी पाटण, कराड, सांगलीकडे जाईल.

चिपळूणचा संबंध दुसऱ्या वाटेने येतो. कोयनेच्या जलाशयातलं पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहांत पडतं, तिथून कोळकेवाडी धरणात आणि शेवटी वाशिष्ठीत. म्हणून चिपळूणकरांनी बातमी ऐकताना ‘कोयनेचा विसर्ग’ आणि ‘कोळकेवाडीचा विसर्ग’ यांत गल्लत करू नये. २२ जुलै २०२१ सारखा पूर येतो तेव्हा मुख्य कारण घाटातला अतिवृष्टीचा पाऊस असतो, आणि त्याच वेळी खाडीत भरती असली की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. पावसाच्या इशाऱ्याबरोबर भरतीची वेळही पाहा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात कोयनानगरला दीडशेहून अधिक माणसं गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात तडे गेले, पण ते उभं राहिलं आणि नंतर त्याला मजबुती दिली गेली.

१४. सौर वादळाने जगभरची वीज जाईल म्हणतात. आणि त्यात अलिबागचं नाव का येतं?

कारण या विषयातली जगातली अत्यंत मोलाची नोंद आपल्या किनाऱ्यावरची आहे. १ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावर प्रचंड स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी पृथ्वीचं चुंबकत्व हादरलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. काही ठिकाणी बॅटरी काढूनही तारा चालत राहिल्या, इतका प्रवाह तारांत आपोआप येत होता. तेव्हा मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली माणसं चुंबकसूचीच्या हालचाली हाताने टिपत होती. त्यांच्या वह्यांत चुंबकक्षेत्राचा आडवा भाग सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरलेला दिसतो. मे २०२४ च्या वादळात जगभरची सरासरी घट ४०० च्या आसपास होती, आणि तरीही लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालं. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. त्यांच्या प्रवाहाने सूची ढळली असती. संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली आणि दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकदम मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुनी मालिका नवीशी जोडता यावी. इमारतीत लोखंड नाही. आपला काळा दगडही स्वतः चुंबकी असतो, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. ती मालिका अजून चालू आहे. आम्हाला वाटतं, कोकणातल्या प्रत्येक शाळेने ही जागा माहीत करून घ्यावी.

धोका खरा आहे, पण सगळीकडे सारखा नाही. १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्युबेकमधल्या ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली. ते ध्रुवाजवळ, लांब वाहिन्यांवर, विद्युतरोधक खडकावर आहेत. आपल्या अक्षांशावर वीजजाळ्याला धोका कमी. आपल्याला फटका बसेल तो जीपीएस आणि लांब पल्ल्याच्या रेडिओला. २३ जुलै २०१२ ला १८५९ च्या तोडीचा स्फोट झाला होता, पण त्या वेळी सूर्याची ती बाजू पृथ्वीकडे नव्हती.

मच्छीमारांसाठी: जीपीएसवर जागा उडी मारू लागली किंवा खोलीशी जुळेना, तर त्यावर विसंबून खडकांच्या पट्ट्यात शिरू नका. होकायंत्र वापरा, वर सांगितलेली १८५९ ची घट मूळ क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास आहे, त्याने दिशा फारशी चुकत नाही. दीपगृह, डोंगराच्या खुणा, खोली मोजणं, हे जुने उपाय चालूच राहतात. व्हीएचएफ समोरासमोर चालतो, तोही चालेल. मोबाईल हातात धरल्याने काही होत नाही.

१५. मग माणूस खरोखर कितीदा मरणाच्या दारातून परतला?

अणुयुद्धाच्या बाबतीत नोंदलेले प्रसंग अनेक आहेत. चार सांगतो, कारण प्रत्येकात बिघाड वेगळा आहे.

२७ ऑक्टोबर १९६२, क्युबाजवळ. अमेरिकी जहाजांनी बी-५९ या रशियन पाणबुडीला वर आणण्यासाठी सरावाचे स्फोटगोळे टाकले. आत उष्णता ४५ अंशांपलीकडे, मॉस्कोशी संपर्क तुटलेला, आणि पाणबुडीवर एक अण्वस्त्र टॉर्पेडो. युद्ध सुरू झालं असं समजून कप्तानाने तो सज्ज करायला सांगितल्याचं प्रत्यक्षदर्शी सांगतात. वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं आणि पाणबुडी वर आली. आपल्याकडे तेव्हा चीनशी युद्ध पेटलेलं होतं. लोकांचं लक्ष हिमालयाकडे होतं.

९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकी संरक्षण केंद्राच्या पडद्यावर सरावाचा हल्ला खरा म्हणून उमटला. पुढच्या जूनमध्ये तसंच झालं, तेव्हा कारण निघालं ४६ सेंटची एक चिप.

२६ सप्टेंबर १९८३, मॉस्कोजवळ. उपग्रह यंत्रणेने पाच अमेरिकी क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं. ड्यूटीवरचे स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी विचार केला की खरा हल्ला पाचांनी सुरू होणार नाही, आणि जमिनीवरच्या रडारला काहीच दिसत नाही. त्यांनी खोटा इशारा म्हणून कळवलं. उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला ज्वाळांसारखा दिसला होता.

२५ जानेवारी १९९५. नॉर्वेने ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी रॉकेट सोडलं. रशियाला आधी कळवलेलं होतं, पण निरोप रडारवरच्या माणसांपर्यंत पोहोचला नाही आणि अण्वस्त्रांची पेटी येल्त्सिन यांच्यापुढे उघडली गेली.

आपल्या शेजारचं उदाहरणही आहे. ९ मार्च २०२२ ला भारताचं एक ब्राह्मोस चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर अण्वस्त्र नव्हतं. चौकशीनंतर हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. लढाऊ क्षेपणास्त्र दुसऱ्या अण्वस्त्रधारी देशात पडूनही प्रत्युत्तर गेलं नाही, ही गोष्ट दोन्हीकडच्या लोकांनी गंभीरपणे लक्षात ठेवावी.

१६. संकट ओळखून सगळ्यांनी मिळून टाळलं, असं कधी झालंय का?

झालंय. ओझोनचं. १९७४ मध्ये दोन रसायनशास्त्रज्ञांनी सांगितलं की फ्रिज आणि फवाऱ्यांतले सीएफसी वायू वर जाऊन ओझोन खातात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र मोजलं गेलं आणि १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियलचा करार झाला. तो पुढे जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केला. थर सावरतो आहे. देवी रोगाचंही तसंच: ८ मे १९८० ला तो संपल्याचं जाहीर झालं. २००० सालच्या संगणकी तारखेची भीतीही पोकळ नव्हती. आधीची काही वर्षं लाखो लोकांनी बसून प्रणाली दुरुस्त केल्या, म्हणून ती रात्र शांत गेली.

जुना फ्रिज मोडीत काढताना त्यातला वायू हवेत सोडू नका, मेकॅनिककडून काढून घ्या. मच्छीच्या बर्फ कारखान्यात अमोनिया असतो. तो ओझोनला धोकादायक नाही, पण गळती झाली तर वाऱ्याला आडवं, ओला रुमाल नाकाला लावून बाहेर पडा.

१७. उन्हवरे, तुरळ, राजापूर इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. म्हणजे खाली ज्वालामुखी जागा आहे?

नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं, त्यामुळे एवढ्या उष्णतेला लाव्हा लागत नाही.

तुमच्या पायाखालचा काळा दगड मात्र खरोखर एका प्रलयाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचत गेले, सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात आहे. त्याच सुमाराला मेक्सिकोत मोठा लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर संपले. लाव्हा ज्या उष्ण स्रोतातून आला तो आता रियुनियन बेटाखाली आहे. आपली जमीन तिथून हजारो किलोमीटर उत्तरेला सरकली. वरचा जांभा म्हणजे तोच दगड लाखो पावसाळ्यांत कुजून झालेला.

१८. ढिगाने खोटे इशारे येतात. दरवेळी सड्यावर का चढायचं?

खोटा इशारा आणि टळलेला धोका यांत फरक आहे. १३ जानेवारी २०१८ ला हवाईत ‘क्षेपणास्त्र येत आहे’ हा संदेश चुकून गेला आणि मागे घ्यायला ३८ मिनिटं लागली. ती शुद्ध चूक. ३० डिसेंबर २००४ ला आपल्याकडे दिलेल्या नव्या त्सुनामीच्या इशाऱ्याने आधीच हादरलेले लोक किनारा सोडून पळाले, आणि काही आलं नाही. तेव्हा देशात मोजणारी यंत्रणाच नव्हती.

११ एप्रिल २०१२ ची गोष्ट वेगळी. सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, इशारा निघाला, लोक उंचावर गेले. पण तिथे समुद्रतळ वर-खाली न होता आडवा सरकला होता, म्हणून पाणी फारसं उचललं गेलं नाही. भूकंपाची तीव्रता पहिल्या दहा मिनिटांत कळते. तळ कसा सरकला आणि लाट किती झाली हे खोल समुद्रातले तरंगते मापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक सांगतात, त्याला आणखी वेळ लागतो. मकरानकडून आपल्याला जे चार-पाच तास मिळतात, त्यातला पहिला तास अशा अपुऱ्या माहितीचा असतो, आणि म्हातारी माणसं, आजारी माणसं, लहान मुलं यांना पाखाडी चढवायला सुरुवात त्याच तासात करावी लागते. गावात कोण कुणाला उचलून नेणार हे आताच, पावसाळ्याआधी ठरवून ठेवा.